काटेवाल्याचे चाळीस ग्रॅम

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा वजनकाटे व तराजू दुरुस्ती (दुकान सध्या बंद, का, ते पुढे येईल), पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली, धाकाखाली किंवा गोळ्यांच्या अमलाखाली नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि शाईच्या पेनने लिहून ठेवीत आहे. शुद्धीचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्याआधी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, देश कोण चालवतो ते विचारलं आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वजाबाकी मी थेट दोनपर्यंत नेली. देश कोण चालवतो याचं उत्तर देताना मला हसू आवरलं नाही, त्याची नोंद त्यांनी 'किंचित अस्वस्थ' अशी केली आहे.

याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रं या कागदाने रद्द होत आहेत. ती रागात लिहिली होती. हेही रागातच लिहितोय, पण या वेळी राग कोणावर आहे ते नीट तपासून घेतलं आहे.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, "काका, एवढं हाताने कशाला लिहिताय? कॉम्प्युटरला चार गोष्टी सांगा, तो लिहून देतो." मी सांगितल्या. पाणी प्यायला उठून परत येईपर्यंत त्याने पाच पानं लिहिली होती. सुरुवात होती, 'माझ्या लाडक्या कुटुंबीयांनो, जीवन हा एक सुंदर प्रवास आहे.' मी जन्मात कोणाला लाडकं म्हटलेलं नाही. बायकोला म्हटलं असतं, तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. तेव्हा प्रवासाचं ते मृत्युपत्र वकीलबाईंनाच भेट दिलं आणि हे लिहायला बसलो.

कलम पहिलं. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा जिना हे सगळं मुलाला आणि सुनेला द्यावं. ती दोघं तिथं राहतात आणि गळकं छप्पर तीच दुरुस्त करतात. घर त्याचं जो ते झाडतो, एवढा साधा कायदा मला समजतो. मुलीला विचारलं होतं, ती म्हणाली, "मला नको, मला तुमचं कपाट द्या." कपाट तिला द्यावं.

घराला अट एकच. दारावरची ती बोलकी घंटा काढून टाकावी. मुलाने ती मोठ्या कौतुकाने बसवली. माणसाचा चेहरा बघून ती आत कळवते म्हणे, कोण आलंय ते. तीन आठवडे मी माझ्याच दाराशी उभा राहिलो की ती घरभर ओरडायची, "अनोळखी व्यक्ती! अनोळखी व्यक्ती!" सून मात्र तिला तिसऱ्या दिवशी ओळखू आली. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा हसऱ्या चेहऱ्याने उभे राहा, मग ती शिकेल." स्वतःच्या घरात शिरण्यासाठी घंटेची मर्जी राखायची! पूर्वी याला गुलामी म्हणायचे, आता सुविधा म्हणतात.

कलम दुसरं. बँकेतली शिल्लक.

जी काही असेल ती सुनेला. घरात पासबुक उघडून वाचणारी ती एकटी. बँकेबद्दल फार लिहीत नाही. स्वतःचेच पैसे काढायला गेलं की मी मीच आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि तीच बँक मला रोज फोनवर नावाने हाक मारून कर्ज घ्या म्हणते. तेव्हा मात्र तिला माझी बरोबर ओळख पटते.

कलम तिसरं. कोणाला काय द्यायचं नाही.

कोणत्याही सरकारी निधीला, मंडळाला, महामंडळाला किंवा योजनेला माझ्याकडून टाचणीसुद्धा जाऊ नये. सरकारने रस्ता सरळ ठेवावा, गटार वाहतं ठेवावं, चोर पकडावा आणि संध्याकाळी वेळेवर घरी जावं, अशी माझी माफक अपेक्षा होती. यातलं पहिलं जमत नाही म्हणून दुसरं सोडलं, दुसरं जमत नाही म्हणून तिसरं, आणि आता रिकामा वेळ भरपूर असल्यामुळे नागरिकांच्या आनंदाची पाहणी सुरू आहे. फॉर्म घेऊन एक मुलगी दारी आली होती. म्हणाली, "आजोबा, एक ते दहामध्ये तुम्ही किती आनंदी आहात?" मी म्हटलं, "तू येईपर्यंत आठ होतो." तिने आठ लिहिलं. म्हणजे शहराच्या आनंदात माझाही वाटा आहे.

कलम चौथं. कात्रणं.

कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक जाड फाइल आहे, ती मुलीने कपाटाबरोबरच न्यावी. ती शास्त्रज्ञ आहे, तिने वाचावीच. फाइलमध्ये अंड्यांविषयीच्या बातम्या आहेत. माझ्या बायकोला सकाळचं अंडं फार आवडायचं. मग शास्त्राने सांगितलं, अंडं हृदयाचा शत्रू आहे. तिने सोडलं. अकरा वर्षं ती सकाळी माझ्या ताटलीकडे बघत चहा प्यायची. ती गेल्यावर दोन वर्षांनी अंड्याची निर्दोष सुटका झाली, त्याच पेपरात, त्याच पानावर. मी मुलीला फोन करून म्हटलं, "तुमच्या शास्त्राने माफीचं पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवलंय?" ती म्हणाली, "बाबा, चूक सापडली की कबूल करायची, यालाच शास्त्र म्हणतात." मी म्हटलं, "सोयीचं आहे." हे मी तेव्हा म्हटलं होतं, हे इथे मुद्दाम नोंदवतो. त्याची लाज वाटायची वेळ पुढे आली.

कलम पाचवं. अवजारं, आणि दुकानाला सील कसं लागलं.

वडिलांनी जिन्याखाली दुकान सुरू केलं तेव्हा मी त्या जिन्यापेक्षाही बुटका होतो. पन्नास वर्षं मी तिथं बसलो. किराणावाले, सोनार, औषधवाले, भाजीवाल्या, सगळ्यांचे तराजू माझ्या हातून गेले. दांडी सरळ करायची, जिच्यावर ती झुलते ती पोलादी धार घासून घ्यायची आणि शेवटी माझ्या मूळ वजनांशी ताडून बघायचं. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खळगा असतो, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन भरलं जास्त तर शिसं खरवडायचं, कमी तर भरायचं. सगळी विद्या एवढीच. कानशी, हातोड्या, शिसं वितळवायची पळी, हे सगळं पुढच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याला द्यावं. हाताने काम करणारा तोच एक उरला आहे.

सात वर्षांपूर्वी नगरपालिकेने योजना आणली, 'एक शहर, एक काटा.' दांडीचे सगळे तराजू जमा करायचे आणि त्याऐवजी आकडे दाखवणारे विजेचे काटे घ्यायचे. काटा थेट मुख्य कार्यालयाशी जोडलेला, म्हणजे तुम्ही पाव किलो मिरच्या घेतल्या की एका साहेबाला ते कळणार. त्या साहेबाला मिरच्यांचं काय करायचं होतं, ते योजनेत लिहिलेलं नव्हतं. जुने तराजू दुरुस्त करणं हाही गुन्हा ठरला. ही योजना मांडणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता आमचा नगरसेवक मुलगा.

जेवताना मी त्याला विचारलं, "जुन्या काट्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"बाबा, बदल हवा."

"कशात?"

"सगळ्यात."

"सगळ्यात म्हणजे कशातच नाही. भात घे."

मी तराजू जमा केले नाहीत. पंधरा दिवसांनी वजनमापे निरीक्षक आले आणि दाराला लाखेचं सील ठोकून गेले. या निरीक्षकाशी माझं आधीपासून वाकडं होतं. त्याच्याही अकरा वर्षं आधी त्याने माझ्या एका वजनावर शिक्का मारायला नकार दिला होता. म्हणाला, "काठावर आहे, पुन्हा करून आणा." मी म्हटलं, "मी काटेवाल्याचा मुलगा, तुम्ही मला वजन शिकवणार?" त्या दिवसापासून माझी मूळ वजनं मी सरकारी कार्यालयात तपासायला नेलीच नाहीत. बाजार माझ्या शब्दावर चालत होता, शिक्क्याची गरज कोणाला होती?

सील लागल्यावर मी समितीवर खटला भरला. म्हणजे प्रत्यक्षात मुलावरच भरला. रात्रीचं जेवण तरी एकाच टेबलावर होत होतं. मीठ मागायचं असेल तर सुनेमार्फत.

कलम सहावं. बाळाचं वजन करायचा काटा.

हा वडिलांच्या हातचा. पितळी पाळणा, लांब दांडी. दुकानात नव्हता, माझ्या मूळ वजनांच्या पेटीसह पलंगाखाली होता, म्हणून सीलमधून वाचला. हा नातीला द्यावा. घरात सगळे तिला 'सव्वा' म्हणतात, कारण ती दोन महिने आधी जन्मली आणि जन्मतः भरली बाराशे पन्नास ग्रॅम. आता सहा वर्षांची आहे आणि माझ्या डोक्यावर बसते. पण मधे जे घडलं ते लिहिल्याशिवाय या मृत्युपत्राला अर्थ नाही.

सव्वाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्या कक्षात त्याच महिन्यात नवा काटा आला होता, योजनेतलाच. आमच्या मुलाने त्याचं उद्घाटन केलं होतं. काट्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की हा काटा स्वतःला स्वतःच तपासतो. वा! असं यंत्र बघून कोणत्याही सरकारला आपला भाऊ भेटल्यासारखं वाटावं.

रोज सकाळी सव्वाचं वजन व्हायचं आणि पडद्यावरची रेघ वर जायची. अठराव्या दिवशी आकडा होता चौदाशे तीस. डॉक्टर खूश. मुलगाही खूश, त्याने रेघेचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मी काचेबाहेर उभा होतो. थोरल्या सिस्टर बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काट्याचं काम करता ना? मी तीस वर्षं पोरं उचलतेय. माझ्या हाताला ही हलकी लागते. डॉक्टरांना सांगितलं तर ते पडदा दाखवतात."

मी घरी गेलो आणि पलंगाखालचा काटा वजनांसकट चादरीत गुंडाळून आणला. तरुण डॉक्टर दारातच आडवे आले.

"आजोबा, हे काय आणलंय?"

"तराजू. माणसांनी बनवलेला."

"अहो, आपलं मशीन एक ग्रॅमपर्यंत अचूक आहे."

"कोण म्हणतं?"

"मशीनच म्हणतं!"

सिस्टरांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तीस वर्षांचा अनुभव असलेली बाई नुसती बघते तेव्हा पंचविशीतले डॉक्टर बाजूला होतात. काटा पुसला, पाळण्यात कापड घातलं, कापडाचं वजन सोडलं आणि सव्वाला ठेवलं. दांडी स्थिर झाली. बाराशे दहा.

म्हणजे अठरा दिवसांत पोरगी वाढली तर नव्हतीच, उलट खाली आली होती. दूध आणि औषध दोन्ही त्या पडद्यावरच्या वजनाकडे बघून ठरत होतं. डॉक्टर म्हणाले, माझा काटा खोटा. मी म्हटलं, त्यांचा खोटा. मुलगा आला, तो मधे उभा. एका बाजूला त्याने फीत कापलेलं यंत्र, दुसऱ्या बाजूला त्याच्यावर खटला भरलेला बाप, आणि काचेआड त्याची मुलगी. त्या वेळी त्याने जे केलं ते इथे लिहितो, कारण त्याच्याबद्दल चांगलं लिहायची संधी मला फारशी मिळालेली नाही. त्याने क्षणभरही विचार न करता खिशातून फोन काढला आणि बहिणीला लावला. "छोटे, तुझी वजनं घेऊन ये. आत्ता निघ."

कलम सातवं. मुलगी, आणि किलोचं भांडण.

मुलगी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमचा अबोला होता, सहा महिन्यांचा. कारण सांगितलं तर लोक हसतील, तरी सांगतो. पूर्वी एक किलो म्हणजे काय, तर परदेशात तिजोरीत ठेवलेला धातूचा एक ठोकळा. जगातली सगळी वजनं त्याची नातवंडं. मला हे फार पटायचं. थोरलं माणूस घरात असावं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून वागावं. मग एक दिवस तिने आनंदाने फोन केला, "बाबा, आज किलोची व्याख्या बदलली! आता ठोकळा नाही, निसर्गातला एक न बदलणारा आकडा!"

मी विचारलं, "ठोकळ्याचं काय बिघडलं होतं?"

"त्याचं वजन किंचित बदलत होतं, बाबा. बाकीच्यांशी जुळेना."

"मग बाकीच्यांचं बदललं असेल. थोरल्याचं कसं बदलेल?"

ती हसली. मी फोन ठेवला. मला वाटलं ती मला हसली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, प्रवासाने चुरगळलेल्या कपड्यांत, हातात एक छोटी पेटी. आत मखमलीवर पोलादाची वजनं. हातमोजे घालून तिने एक किलोचं वजन त्या नव्या काट्यावर ठेवलं. पडद्याने सांगितलं, अकराशे चव्वेचाळीस. डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि खुर्चीवर बसले. तिने काटा उलटा केला. खालचा एक सेन्सर वाकलेला होता आणि दिवसागणिक आणखी सरकत होता. तो वाकला कसा, ते सिस्टरांनी सांगितलं. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांची नावं कोरलेली दगडी पाटी फोटोसाठी कुठं ठेवायची असा प्रश्न पडला होता, ती काट्यावर ठेवली होती. पाटीवर पहिलं नाव आमच्या मुलाचं. तो भिंतीला टेकला आणि खाली बसला.

मी छाती काढून उभा होतो. लपवत नाही, नात काचेआड असताना मी छाती काढून उभा होतो. मुलगी माझ्याकडे वळली.

"आता तुमचा काटा, बाबा."

"माझा कशाला?"

"तपासायचं म्हणजे सगळ्यांचं."

तिने माझ्या पितळी पाळण्यात तिचं पोलाद ठेवलं आणि समोर माझी वजनं. मग थांबली, पुन्हा केलं. मग सव्वाला उचलून स्वतःच्या वजनांनी तोललं आणि डॉक्टरांना म्हणाली, "बाराशे पन्नास धरा. अठरा दिवसांत एक ग्रॅमही वाढ नाही." त्यांनी दूध बदललं, औषध बदललं, आणि चौथ्या दिवसापासून सव्वा खरोखर वाढायला लागली. हे सगळं चांगलंच झालं.

पण बाराशे दहा आणि बाराशे पन्नास यांत चाळीस ग्रॅमचा फरक कसा, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मुलीने त्यांना सांगितलं नाही. ती मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. तिथं बाकावर आम्ही दोघंच.

"बाबा, काटा ठीक आहे. तुमची वजनं जड आहेत. किलोमागे बत्तीस ग्रॅम, म्हणून सव्वा तुमच्याकडे हलकी भरली. शेवटची कधी तपासून घेतली होती?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"कोण तपासतं ती?"

मी म्हटलं, "मीच."

तेव्हा मला त्या यंत्राची पुस्तिका आठवली, आणि बाकावर बसल्याबसल्या कानशिलं तापली. वजनं वापरून झिजतात अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून दरवर्षी मी त्यांच्या बुडाशी थोडं शिसं घालत होतो. डोळ्यांना दिसत नव्हतं, अंदाजाने घालत होतो. एकदा सरकारी कार्यालयात नेली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण तिथं तो निरीक्षक बसला होता आणि मी सरकारपुढे मान तुकवणारा नव्हतो! अकरा वर्षं मी माझा मान राखला, आणि बाजारातला एकेक तराजू माझ्या हाताने खोटा करत गेलो.

मुलगी म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही बघा काय करायचं ते." तिने माझा अबोला, तिचं हसणं, किलो, यातलं काहीही काढलं नाही. तिच्या त्या पोलादी वजनांच्या पेटीला मी एक कातडी आवरण शिवून ठेवलं आहे, ते कपाटात आहे. ते तिचं.

कलम आठवं. दुकान खरोखर कोणी बंद केलं.

हे कलम मी आत्तापर्यंत तीन मृत्युपत्रांत लिहिलं नव्हतं.

सव्वा घरी आली त्याच्या पुढच्या महिन्यात खटल्याचा निकाल लागला. मी जिंकलो. न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं की सील बेकायदा आहे, दुरुस्तीवर बंदी घालायचा समितीला अधिकार नाही. माझ्या आयुष्यात सरकारविरुद्ध मी जे जे बोललो, त्याला पहिल्यांदाच कोर्टाचा शिक्का मिळाला. निरीक्षक स्वतः पक्कड घेऊन सील काढायला आले. मोठ्या मनाने म्हणाले, "जिंकलात, काटेवाले. बाजूला व्हा, लाख फोडतो."

मी म्हटलं, "राहू दे."

"अहो, निकाल तुमच्या बाजूने आहे!"

"असू दे. तुम्ही तेव्हा जे वजन परत पाठवलंत ना, ते बरोबर केलंत. आता चहा घ्यायचा तर घ्या."

त्यांनी पक्कड खिशात टाकली. त्यानंतर ते रोज चहाला येतात. राजकारणावर आमचं आजही एका वाक्यात जुळत नाही.

गल्लीला मी काही सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, "सरकारने बंद पाडलं, दुसरं काय!" हे म्हणताना इतकं बरं वाटायचं. लोक हळहळायचे. पेपरवाला फोटो काढून गेला, सीलसमोर मी, डोळे पाणावलेले. पाणी खरं होतं, फक्त त्याचं कारण वेगळं होतं. मग निवडणूक आली. विरोधकांनी तोच फोटो चौकाचौकात लावला. खाली लिहिलं, 'जो बापाचं दुकान बंद पाडतो, तो तुमचं काय ठेवणार?' मुलगा पडला. थोडक्यात नाही, चांगला सणकून पडला. त्याच्या योजना मला पटत नव्हत्या, आजही पटत नाहीत. तो पडला याचं मला राजकीय दुःख अजिबात नाही. पण तो माझ्या खोट्यामुळे पडला, आणि मी त्या रात्री जेवताना त्याच्याकडे मीठसुद्धा मागू शकलो नाही.

म्हणून इथे लिहून देतो: माझं दुकान सरकारने बंद पाडलं नाही. मुलाने बंद पाडलं नाही. मी खटला जिंकलो होतो. दुकान मी बंद ठेवलं, कारण माझी वजनं खोटी होती. हे कलम माझ्या मृत्यूनंतर बाजारात, भर दुपारी, सगळ्यांना ऐकू जाईल असं मुलाने स्वतः वाचून दाखवावं. शक्य झाल्यास पुढच्या निवडणुकीआधी. मात्र त्यासाठी मी मुद्दाम लवकर मरणार नाही, एवढी लोकसेवा माझ्याकडून होणार नाही.

कलम नववं. जिन्याखालची जागा.

ही कांदेवाल्या मावशींना कायमची द्यावी. माझ्या जड वजनांनी ज्यांनी मापलं, त्यांनी गिऱ्हाइकाला दर किलोला जास्तीचं दिलं. गिऱ्हाईक खूश, म्हणून तक्रार कोणी केली नाही. किराणावाल्यांनी ते दुसरीकडून वसूल केलं असेल, त्यांची मला चिंता नाही. मावशी मात्र माझ्या बंद दारासमोर उन्हात बसून कांदे विकतात, त्यांचं नुकसान कोणी भरून दिलं नाही. हे मी त्यांना मागच्या महिन्यात सांगून टाकलं. त्या थोडा वेळ कांद्याची सालं काढत राहिल्या, मग म्हणाल्या, "दादा, म्हणजे माझा हात सढळ म्हणून माझ्याकडे गर्दी असते, असं मला वाटत होतं, ते तुमचं शिसं होतं होय!" आणि इतक्या हसल्या की शेजारची भाजीवाली बघायला आली. मला वाटलं होतं शिव्या देतील. शिव्या सोसल्या असत्या.

कलम दहावं. भाषणं.

करू नयेत. कोणत्याही पक्षाच्या माणसाने माझ्या प्रेताशेजारी उभं राहून फोटो काढू नये. माझा फोन, तो दर तासाला मला उठून चालायला सांगतो, तो माझ्याबरोबर पाठवावा. बघू तिथं कसं उठवतो.

कलम अकरावं. आज सकाळी वाढवलेलं.

काल निरीक्षकांना साक्षीदार म्हणून सहीला बोलावलं. त्यांनी सगळं वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "सही नाही करत."

"का?"

"मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? जिवंतपणी पोराला वाचून दाखवा, मग बोलवा."

मी म्हटलं, तुम्ही निवृत्त झालात, आता तपासणी बंद करा. ते उठून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हा आज सकाळी मुलाला बोलावून हे कागद त्याच्या हातात दिले. तो खिडकीशी उभा राहून वाचत होता. मी सुपारी कातरत बसलो होतो, तीही नीट कातरली जाईना. आठव्या कलमाशी तो पोचला हे मला त्याच्या मानेवरून कळलं. त्याने पान खाली ठेवलं.

"निकालाची प्रत माझ्याकडे आली होती, बाबा."

"कधी?"

"तेव्हाच. खटला समितीवर होता, अध्यक्ष मी. पहिल्याच आठवड्यात टेबलावर आली."

माझा अडकित्ता हातातच राहिला. "म्हणजे निवडणुकीत तुला माहीत होतं? पोस्टर लागली तेव्हा?"

"हो."

"मग कागद काढून लोकांच्या तोंडावर का नाही मारलास?"

"मारला असता, तर दुसऱ्या दिवशी सगळे तुमच्या दारात आले असते. जिंकलात तर दुकान का उघडत नाही, असं विचारायला. तुम्ही काय सांगितलं असतं?"

"तुला कारण माहीत होतं?"

"नाही. छोटीला विचारलं, ती म्हणाली, विचारू नकोस. म्हणून विचारलं नाही. हातात निकाल असून तुमच्यासारखा माणूस सील काढत नाही, म्हणजे काहीतरी तुम्हाला फार लागलं असणार, एवढं कळलं."

हा सगळा वेळ मी घरात, गल्लीत आणि पेपरात बोलत होतो. आणि मुलगी, निरीक्षक आणि हा, तिघं गप्प बसून मला सांभाळत होते. तोंड मिटून निवडणूक हरलेला राजकारणी माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो माझ्याच घरात निघाला. त्याच्या पक्षाबद्दलचं माझं मत मात्र आहे तेच आहे, हे त्यालाही सांगितलं.

"ते बाजारात वाचायचं कलम काढा," तो म्हणाला.

"काढत नाही."

"मग मी त्या पानाला मोठ्याने खोकेन."

"खोक. मी मावशींना सांगून ठेवीन, पुन्हा वाचायला लावतील."

तो हसला आणि कागद जुळवायला खाली वाकला. त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला. सवय नसल्यामुळे जरा जोरात पडला.

"मारताय का?" तो म्हणाला, पण हलला नाही. मीही हात लगेच काढला नाही.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, खाडाखोड माझीच आहे, आणि तो मला मान्य आहे.

स्थळ: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ११ नोव्हेंबर, दुपारी सव्वाबारा

(सही)
काटेवाला

साक्षीदार पहिले: निवृत्त वजनमापे निरीक्षक (सही केली; चहा घेतला)
साक्षीदार दुसऱ्या: बालकक्षाच्या थोरल्या सिस्टर (सही)